गाव, तालुका, जिल्हा कोण आखतं? एका निवृत्त तहसीलदाराचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘आमचं गाव एका तालुक्यात, विधानसभा मतदारसंघाला नाव शेजारच्या तालुक्याचं, पोलीस ठाणं तिसरीकडे आणि पिनकोड चौथ्याच गावचा. देशाची ही विभागणी नेमकी करतं कोण? आणि नवा जिल्हा मागितला की वर्षानुवर्षं का लटकतो?’

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, कारकून म्हणून लागलो आणि तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. त्यामुळे हे उत्तर कचेरीतल्या माणसाचं आहे, राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचं नाही. उदाहरणंही महाराष्ट्राचीच देतो, कारण दप्तर मला इथलं माहीत.

देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी एकच शिडी आपण शाळेत पाठ केलेली असते, आणि सरकारची सगळी खाती त्याच शिडीने खाली उतरत असतील असं आपण धरून चालतो. तसं नाही. प्रत्येक खात्याने आपापल्या कामाच्या सोयीने देश वेगळा वाटून घेतला आहे. तुमच्या गावावरून अशा दहा-बारा वेगवेगळ्या रेषा जातात. त्या आखणारे वेगळे, त्यांचे कायदे वेगळे आणि त्या बदलण्याचा मुहूर्तही वेगळा. तुम्हाला जो गोंधळ वाटतो तो कुणाच्या चुकीने झालेला नाही, व्यवस्थाच तशी आहे.

कोकण घ्या. दहावीचा निकाल लागला की ‘कोकण विभाग अव्वल’ ही बातमी ठरलेली. शिक्षण मंडळाचा तो कोकण म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, जिल्हे दोनच. महसूल खात्याच्या कोकण विभागात जिल्हे सात: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. हवामान खातं कोकणाला गोवा जोडतं. त्यात १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याकडे गेले. सावंतवाडीच्या माणसाला महसुली अपिलासाठी आयुक्त बेलापूरला, मुलाच्या दहावीच्या कामासाठी मंडळ रत्नागिरीला आणि हायकोर्ट घाट चढून कोल्हापूरला. तिन्ही बरोबरच आहेत.

उलटंही आहे. ‘पश्चिम महाराष्ट्र’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण महसुली नकाशात असा विभागच नाही, पुणे विभाग आहे. खानदेशही नाही, तो नाशिक विभागात सामावलेला. विदर्भाचे दोन विभाग, अमरावती आणि नागपूर. मराठवाडा तेवढा एकसंध, आठ जिल्ह्यांचा छत्रपती संभाजीनगर विभाग. ‘मध्य महाराष्ट्र’ मात्र तुम्हाला फक्त पावसाच्या अंदाजात भेटेल. विदर्भ-मराठवाड्याला कागदावर खरं वजन आहे ते राज्यघटनेच्या कलम ३७१(२)मध्ये, पण तिथे तरतूद विकास मंडळांची आहे, कारभाराची नाही.

आता कोण आखतं ते वरून खाली पाहू.

राज्याची सीमा संसद ठरवते, कलम ३खाली. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने येतं, संबंधित विधानसभेचं मत मागवतात, पण ते मत बंधनकारक नसतं आणि साध्या बहुमताने काम होतं. तेलंगण २०१४ साली असंच झालं, आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं तरी झालं. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार रचना झाली तेव्हा १४ राज्यं होती, आज २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. ही रेषा एकदा बसली की हलता हलत नाही. बेळगावचं सांगायला नको, महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीवर, चौदा गावं अशी आहेत की दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात. तिथे शाळा दोन्ही सरकारांच्या, शिधापत्रिका दोन आणि मतदान दोन्हीकडचं. त्या गावांतल्या काही मंडळींना हे फारसं गैरसोयीचं वाटत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

राज्याच्या आत मात्र दिल्लीचा संबंध संपतो. जिल्हे किती आणि कोणते, हा पूर्णपणे राज्याचा विषय. आपल्याकडे त्याला आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं चौथं कलम काढून वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. कोणत्या जिल्ह्यांचा विभाग, कोणत्या तालुक्यांचा उपविभाग, कोणत्या गावांचा तालुका, इतकंच काय, कोणत्या क्षेत्राला गाव म्हणायचं, हे सगळं राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतं. नवा जिल्हा करायला विधानसभेत कायदा करावा लागत नाही. आधी प्रारूप अधिसूचना, मग हरकती आणि सूचना, मग अंतिम अधिसूचना. कागदोपत्री एवढंच.

त्यामुळे राज्याराज्यांत तऱ्हा वेगळ्या. आंध्रात १९८५ साली एन. टी. रामारावांनी तालुके मोडून लहान-लहान मंडलं केली. तेलंगणाने ११ ऑक्टोबर २०१६ला एका दिवसात दहाचे एकतीस जिल्हे केले. राजस्थानने २०२३मध्ये ३३चे ५० केले आणि सरकार बदलल्यावर २०२४च्या डिसेंबरात त्यातले नऊ जिल्हे रद्दही करून टाकले. महाराष्ट्र या बाबतीत सावकाश चालणारा. १ मे १९६०ला २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१, लातूर आणि गडचिरोली १९८२, मुंबई उपनगर १९९०, वाशीम आणि नंदुरबार १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९, आणि शेवटचा पालघर २०१४. चौपन्न वर्षांत दहा.

मग लटकतं कुठे? रेषा आखायला काही लागत नाही, तालुके उचलायचे आणि इकडून तिकडे ठेवायचे. अडतं ते मुख्यालयावर. अहिल्यानगर जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे साडेचार गोवे त्यात बसतील. तो मोठा आहे हे सगळ्यांनाच मान्य. पण उत्तरेकडचा नवा जिल्हा म्हटला की संगमनेर म्हणतं आम्ही, श्रीरामपूर म्हणतं आम्ही, शिर्डीचं पारडं वेगळंच. कुणा एकाला दिलं की दोघं रस्त्यावर येतात. तेव्हा शासन मधला मार्ग काढतं आणि अपर जिल्हाधिकारी कार्यालय देतं. शिर्डीला २०२३मध्ये ते मंजूर झालं, मालेगावला आधीपासून आहे. जिल्ह्याची पाटी लागत नाही, पण बरीच कामं जवळ होतात. माझं मत विचाराल तर शंभरातल्या साठ मागण्यांना हेच पुरेसं औषध आहे, पण त्याने आंदोलन जिंकल्यासारखं वाटत नाही.

पालघरची गोष्ट यात सगळ्यात शिकण्यासारखी. जुना ठाणे जिल्हा तलासरीपासून मुंब्र्यापर्यंत. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी दहा लाख, म्हणजे देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. एका टोकाला इमारतींचं जंगल, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे. १९९२-९३मध्ये वावर-वांगणीचे कुपोषणाचे मृत्यू गाजले तेव्हा ‘ठाण्याहून हा भाग सांभाळता येत नाही’ हे कुणी नाकारू शकलं नाही. तरी जिल्हा व्हायला आणखी वीस वर्षं गेली, आणि त्यातला मोठा वाद मुख्यालयाचाच. जव्हार हे जुन्या संस्थानचं ठिकाण, गरज तिथल्या लोकांची. पालघर रेल्वेवरचं आणि मोकळी सरकारी जमीन असलेलं. शेवटी १ ऑगस्ट २०१४ला आठ तालुक्यांचा जिल्हा झाला तो पालघरच्या नावाने. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात होती, हे निव्वळ योगायोगाने लक्षात आणून देतो. सिडकोने बांधलेल्या नव्या संकुलात कार्यालयं जायला २०२१ उजाडलं. ज्यांच्या नावाने मागणी झाली त्या मोखाड्याच्या माणसाला दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी अजूनही नाशिकच सोयीचं पडतं. जिल्हा जवळ आला म्हणजे जिल्ह्याच्या गावी जाणारी एसटी आली असं होत नाही.

अधिसूचना निघाली की खरं काम सुरू होतं आणि ते कुणाला दिसत नाही. पहिलं पदांचं. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक एका दिवसात नेमता येतात. पण कोषागार, जिल्हा शल्यचिकित्सक, भूमी अभिलेखचे अधीक्षक, जिल्हा परिषद, नियोजन समिती, या प्रत्येकाचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती याचा तक्ता, वित्त विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तोवर जुन्या जिल्ह्यातले लोक प्रतिनियुक्तीवर, आणि जायला कुणी राजी नाही. काही गोष्टी तर वाटल्याच जात नाहीत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक पाहा: नंदुरबार १९९८ला वेगळा झाला तरी बँक धुळे आणि नंदुरबारची एकत्रच राहिली, हिंगोलीची परभणीत, वाशीमची अकोल्यात. बुडीत कर्जं कुणी घ्यायची यावर एकमत होणं कठीण असतं. सहकारातली माणसं हुशार, ती त्या वाटेला जातच नाहीत.

दुसरं दप्तराचं. तालुका विभागला की अभिलेख कक्षासमोर दोन्हीकडचे कारकून बसतात. फडताळांवर गावनिहाय रुमाल बांधून ठेवलेले असतात, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षं, पुढचे त्याहून कमी. नव्या तालुक्यात गेलेल्या गावांचे रुमाल सोडवायचे, याद्या करायच्या, दोन्ही नायब तहसीलदारांनी सह्या करायच्या. एका गावाचे फेरफार, सातबारे निघतात सरळ. पण संकीर्ण प्रकरणांचं काय? एकाच वतनाचं प्रकरण, जमीन सहा गावांत, त्यातली चार इकडे आणि दोन तिकडे. संचिका एकच. ती मूळ तालुक्यात राहते आणि नव्या तालुक्याच्या यादीवर शेरा पडतो, ‘अभिलेख मूळ कार्यालयात’. त्या शेऱ्यापायी पुढच्या दोन पिढ्या चपला झिजवतात. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे सगळ्यांना कळलं. नव्या जिल्ह्यातला माणूस जुन्या जिल्ह्याच्या कक्षात, आणि मराठवाड्याच्या निजामकालीन नोंदींसाठी तर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबाद गाठावं लागलं. १९५६ला रेषा बदलली, कागद तिकडेच राहिले.

आता तालुक्याच्या खाली येऊ. इथे कुणाचं लक्ष नसतं आणि माझ्या मते शेतकऱ्याचं नशीब इथेच ठरतं. तालुक्यात काही मंडळं, मंडळात काही सजा, सजेत काही गावं. सजेवर तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, मंडळावर मंडळ अधिकारी. त्या चौथ्या कलमातच सजा आणि मंडळं ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला दिलेला आहे, मंत्रालयात जावं लागत नाही. आणि महत्त्व काय? अतिवृष्टी झाली की नाही हे मंडळावर ठरतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मंडळाच्या पर्जन्यमापकात नोंदला गेला तर ते मंडळ अतिवृष्टीत. पीक विम्याचंही एकक मंडळच.

ओढ्याच्या अलीकडचं रान एका मंडळात, पलीकडचं दुसऱ्या. ढग दोन्हीकडे सारखाच फुटलेला. पण अलीकडच्या मंडळाचं यंत्र ज्या गावात बसवलंय ते दहा किलोमीटर लांब, तिथे त्या दिवशी ४० मिलिमीटर. पलीकडच्या बांधावर तलाठी पंचनामा लिहितोय आणि अलीकडचा शेतकरी गुडघाभर पाण्यात उभा राहून बघतोय. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याला द्यायला माझ्याकडे नियमाशिवाय उत्तर नव्हतं. राज्याच्या महावेध प्रकल्पात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, तरी मंडळाचा आकार मोठा असेल तर दुखणं तेच. म्हणून सांगतो, जिल्ह्यासाठी टायर जाळण्याआधी आपलं मंडळ किती मोठं आहे आणि पर्जन्यमापक कुठे आहे ते बघा. मंडळ छोटं करून घ्यायची मागणी जिल्हाधिकारी स्तरावर निकाली निघू शकते. ती करणारी माणसं मला फार थोडी भेटली.

गावाच्या बाबतीत एक खुलासा, कारण यावर हमखास वाद होतो. महसुली गाव म्हणजे ज्याचा स्वतंत्र नकाशा, स्वतंत्र आकारबंद (जमिनींचं क्षेत्र आणि आकारणी यांची नोंदवही) आणि स्वतंत्र गाव नमुने आहेत ते. तिथे माणसं राहतात की नाही याचा संबंध नाही. एकही घर नसलेली बेचिराख गावं आपल्या दप्तरात शेकड्याने आहेत, त्यांचे सातबारे नियमित निघतात. उलट दोन हजार वस्तीचा तांडा दप्तरात ‘गाव’ नसतो, कुठल्या तरी गावाची वाडी असतो. ग्रामपंचायत ही तिसरीच गोष्ट. राज्यात महसुली गावं सुमारे ४४ हजार आणि ग्रामपंचायती २८ हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे हजारो गावं गटग्रामपंचायतीत आहेत. ‘आमची ग्रामपंचायत वेगळी झाली, आता तलाठी वेगळा द्या’ म्हणून अर्ज यायचे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पंचायत ग्रामविकास खात्याच्या वाटेने येते, सजा महसुलाच्या.

आता तुमच्या तक्रारी एकेक.

मतदारसंघ: तो राज्य शासन नव्हे, परिसीमन आयोग आखतो आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात आव्हान द्यायची वाट अगदी अरुंद आहे. सध्याची रचना २००१च्या जनगणनेच्या आकड्यांवर, २००८ची. आयोगाला लोकसंख्या जुळवायची असते, म्हणून तालुका पुरला नाही की शेजारची मंडळं आणि सजा जोडतात. २००८चा आदेश वाचला तर महाराष्ट्राचे मतदारसंघ असेच लिहिलेले दिसतील, अमुक तालुका आणि तमुक महसूल मंडळ. मावळ लोकसभेत तर पिंपरी-चिंचवड आणि पनवेल-उरण एकत्र आहेत, मध्ये सह्याद्री. तुमच्या मतदारसंघाला शेजारच्या तालुक्याचं नाव मिळालं ते बहुधा त्याची लोकसंख्या जास्त म्हणून. पुढच्या परिसीमनापर्यंत यात काही होणार नाही.

पिनकोड: तो टपाल खात्याचा, १९७२पासूनचा. पत्रांची वर्गवारी आणि वाटप कुठून सोपं जातं यावर बेतलेला. त्याला तालुका माहीत नाही. आधारवर तो पिन आहे म्हणून तुमचा तालुका बदलत नाही, आणि तहसीलदाराकडे त्यासाठी अर्ज देऊन उपयोग नाही.

पोलीस ठाणं: ही मात्र खरी गैरसोय आणि सुटण्यासारखी. ठाण्याची हद्द गृह विभाग अधिसूचनेने ठरवतो, प्रस्ताव पोलीस अधीक्षकांकडून जातो. तालुका बदलला तरी हद्द आपोआप बदलत नाही. १९९९च्या सुमारास तालुके नव्याने झाले तेव्हापासून ठाण्याच्या हद्दी जुन्याच राहिलेली गावं मी पाहिली आहेत, कारण कुणी मागितलंच नाही. ग्रामसभेचा ठराव घ्या, गावापासून दोन्ही ठाण्यांचं अंतर आणि रस्ता कोणता याचा साधा हातनकाशा जोडा, अर्ज अधीक्षकांना आणि प्रत प्रांताधिकाऱ्यांना द्या. आमदारांचं पत्र जोडलं तर नुकसान नाही. ठरावात ‘अन्याय’ हा शब्द दहादा लिहू नका, किलोमीटर लिहा.

आणि तालुकाच बदलून हवा असेल तर आत्ता घाई करून उपयोग नाही. जनगणनेआधी प्रशासकीय सीमा गोठवतात, म्हणजे मोजणी चालू असताना गाव इकडचं तिकडे होत नाही. यावेळच्या जनगणनेसाठी, जिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, त्या ३१ डिसेंबर २०२५ला गोठल्या. प्रारूप अधिसूचना निघेल ती जनगणना उरकल्यावर. पण ठराव, नकाशा, लाभ-हानीचं टिपण हे आत्ता करून ठेवता येतं. शेजारच्या ज्या गावांना तुमच्याबरोबर यायचंय त्यांचेही ठराव एकाच भाषेत, एकाच मुद्द्यांवर घ्या. प्रस्ताव परत येतात ते बहुतेक वेळा यामुळेच की तीन गावांनी तीन वेगळे तालुके मागितलेले असतात.